आधी ऑइल, मग ठिणगी : पंधरा वर्षं उभ्या असलेल्या जीएमसी मोटरहोमचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७६ ची जीएमसी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली, २६ फुटी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये २००९ च्या थंडीआधी लावली, ती तिथेच राहिली. मालक आजारी पडले, पुढे वारले, आणि गाडी त्यांच्या पत्नीच्या नावावर आली. बाईंना ती विकायची होती. पण इंजिन चालू आहे की नाही हेच सांगता येत नसेल, तर गिऱ्हाईक भंगाराच्या भावापलीकडे जात नाही. म्हणून विकण्याआधी एकदा इंजिन सुरू करून बघायचं ठरलं.

कामाला तिघं होतो. बाईंचा भाचा, उत्साही आणि उतावळा. ओल्ड्समोबिलच्या गाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेला एक निवृत्त मेकॅनिक. आणि पान्हे देणं, टिपणं काढणं, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवणं यासाठी मी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, यंत्राचे नाहीत.

ही गाडी मुळात वेगळी आहे. ट्रकची चासी घेऊन तिच्यावर खोली चढवायची, ही मोटरहोमची नेहमीची रीत. जीएमसीने ती धरली नाही. १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत जेमतेम तेरा हजार गाड्या निघाल्या, सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, ओल्ड्समोबिल टोरोनाडोचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून बसवलेल्या. आधी ४५५ घनइंची, म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-८, आणि १९७७ पासून ४०३. आमच्यासमोर ४५५ होतं. डिफरन्शियल इंजिनालाच बोल्टने जोडलेलं असल्यामुळे खालचं ऑइल चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते भांडं, काढायचं तर आधी ते सोडवावं लागतं. आमचे बरेचसे निर्णय या एका गोष्टीने बांधले गेले.

सोय मात्र एक आहे. इंजिनाचं झाकण ड्रायव्हरमागे, गाडीच्या आतल्या जमिनीत असतं. गालिचा गुंडाळा, झाकण उचला, की व्ही-८ चा मागचा भाग समोर येतो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, मागेच असतो आणि त्याच्या डोक्यावर अख्ख्या खोलीची उंची मोकळी असते. साध्या गाडीत तिथे वाकून नाक घासावं लागतं; इथे गुडघे टेकून ड्रिल सरळ उभं धरता येतं.

अडचण नेमकी काय

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. नवी बॅटरी लावा, कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओता, सेल्फ मारा. इंटरनेटवर लोक तेच करतात आणि इंजिनं सुरू होतातही.

होतात, हे खरंच आहे. प्रश्न पहिल्या काही सेकंदांचा असतो. इतकी वर्षं उभ्या इंजिनात बेअरिंगवर ऑइलचा पातळ थर कदाचित शिल्लक असतो, पण गॅलरी (ऑइलच्या आतल्या वाहिन्या), लिफ्टर (कॅमवर टेकलेले, यांनाच टॅपेट म्हणतात), त्यांच्यावरचे पोकळ पुशरॉड आणि खुद्द पंप यांतलं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये गेलेलं असतं. ऑइल पंप दोन गिअरचा. त्याच्या दात्यांत ऑइल असेल तर तो ओढतो; कोरडा असेल तर फटींतून नुसती हवा फिरवत बसतो. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळला की आधी पाणी ओतल्याशिवाय ती पाणी उचलत नाही, तसंच. मोटर नुसती फिरली तर फार बिघडत नाही. इंजिन कोरडं पेटलं आणि हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरलं, तर बेअरिंग आणि कॅम (वाल्व उघडणारा, उंचवट्यांचा दांडा) यांचं आयुष्य तिथेच झिजतं.

या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे, कॅमच्या उंचवट्यावर घासत चालणारे. रोलर नाहीत. त्यामुळे कोरडेपणाचा पहिला मार कॅमलाच बसतो.

दुसरी भीती मेकॅनिकने बोलून दाखवली. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच व्ही-८ मध्ये कॅमचं टायमिंग गिअर ॲल्युमिनियमचं असे आणि आवाज कमी व्हावा म्हणून त्याच्या दात्यांवर नायलॉन चढवलेलं असे. वर्षांनी आणि उष्णतेने हे नायलॉन ठिसूळ होतं, त्याचे तुकडे चेंबरमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. मग पंप ठणठणीत असूनही इंजिन उपाशी राहतं.

समोरचे पर्याय

भाच्याचा मार्ग पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाला. मेकॅनिकने एवढंच विचारलं, "वाल्व जाम असला तर?" जाम वाल्ववर पुशरॉड दाबला गेला की तो वाकतो, आणि मग सांगायला उरतं ते एवढंच की इंजिन चालू होत नाही.

दुसरा मार्ग बहुतेक लोक घेतात, आणि तो वाईट नाही. सगळे स्पार्क प्लग काढायचे, इग्निशनची तार सोडवायची आणि ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारायचा. कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगवर भार नगण्य असतो. उणीव वेगात आहे. सेल्फवर क्रँक मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या घेतो, आणि पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालत असल्यामुळे त्याला त्याच्या निम्म्या, म्हणजे शंभरच, मिळतात. कोरड्या पंपाला एवढ्यात ऑइल उचलायला वेळ लागतो आणि तोवर टॅपेट कॅमवर घासत राहतात. दोन-चार वर्षं उभी गाडी असती तर मी हाच मार्ग सुचवला असता.

तिसरा मार्ग दाबाच्या टाकीचा. ऑइलचा प्रेशर सेन्सर काढून त्या भोकातून बाहेरून दाबाने ऑइल गॅलरीत भरायचं. काम स्वच्छ होतं आणि डिस्ट्रिब्युटरला हात लावावा लागत नाही. मला तो आवडला होता. मेकॅनिकला नाही, आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता : त्यात ऑइल बेअरिंगला पोचेल, पण पंप स्वतः ओढतो की नाही हे कळणार नाही. जाळी तुंबलेली असेल तर टाकी ते झाकून टाकेल आणि इंजिन पेटल्यावर कळेल.

चौथा मार्ग डिस्ट्रिब्युटर काढून पंप ड्रिलने फिरवण्याचा. क्रँक आणि कॅम जागच्या जागी, फिरतो फक्त पंप, तोही मिनिटाला पाचशे-सहाशे फेऱ्यांनी. म्हणजे इंजिन हजार-बाराशेवर चालत असल्यासारखं, पण घर्षणाशिवाय. पंप, जाळी आणि गॅलरी यांची तपासणी त्यातच होऊन जाते. धोका डिस्ट्रिब्युटर परत बसवताना टायमिंग चुकण्याचा, आणि भोकातून काहीतरी आत पडण्याचा.

चेंबर उतरवून जाळी डोळ्यांनी बघणं हा पाचवा मार्ग. शंका फिटण्याच्या दृष्टीने तोच सर्वात चांगला. पण बाईंचं बजेट आणि इंजिनाला चिकटलेलं डिफरन्शियल या दोन्हींनी तो मागे ढकलला.

चौथा घ्यायचं ठरलं, एका अटीवर. आधी नायलॉनच्या शंकेचा जमेल तेवढा छडा लावायचा.

आधीची तपासणी

गाडीतल्या वरच्या कपाटात जुन्या बिलांची फाइल सापडली. नव्वदच्या दशकातल्या एका बिलावर टायमिंग सेट बदलल्याची नोंद होती. गिअर लोखंडी की पुन्हा नायलॉनचंच, हे मात्र त्यात नव्हतं. अर्धवट कागद माणसाला उगाच निर्धास्त करतो. भाचा लगेच झाला.

स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं गंज सोडवणारं तेल टाकलं आणि काही दिवस तसंच मुरू दिलं. कॅमेऱ्याची नळी घालून पाहिलं तर एका सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची फिकट रेघ होती, बाकी ठीक. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं, अक्रोडांच्या टरफलांसकट.

मग दोन्ही बाजूंची रॉकरवरची (पुशरॉडने हलून वाल्व दाबणारे तुकडे म्हणजे रॉकर) कव्हरं काढली आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब पान्हा लावून इंजिन हाताने फिरवलं. एकेका रॉकरकडे बघत. सोळाच्या सोळा वाल्व खाली गेले आणि वर आले. एक्झॉस्टचा एक आळसावून वर येत होता. वरून तेल सोडून दहा-बारा वेळा हलवल्यावर तोही रुळला.

टायमिंग चेनच्या ढिलाईची चाचणी सोपी आहे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, क्रँक एका दिशेला फिरवून ताण घ्यायचा, मग हळूहळू उलट फिरवायचा. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा तुकडा) हलायच्या आधी क्रँक किती अंश फुकट फिरला ते चेनचं सैल. इथे ते चार-पाच अंश आलं. दहाच्या वर गेलं असतं तर काम तिथेच थांबवायचं ठरलं होतं.

जुनं ऑइल फडक्यातून गाळलं. काळंकुट्ट, पण फडक्यावर प्लॅस्टिकचा कण नाही. मेकॅनिकने ते बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाला, पुढे जाऊ.

नवं ऑइल निवडताना थोडा वाद झाला. २००४ मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम या दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, आणि सपाट टॅपेटला घासण्यापासून वाचवतात ते नेमके जस्त आणि फॉस्फरसच. म्हणून जुन्या इंजिनांसाठी मिळणारं, जस्त जास्त असलेलं १०डब्ल्यू-४० घेतलं. त्यातलं बरंचसं नेहमीच्या तोंडातून न ओतता रॉकरवरून, पुशरॉडच्या भोकांतून सोडलं. याला कारण आहे. ड्रिलने पंप फिरवला तरी कॅमच्या उंचवट्यांना थेट ऑइल मिळत नाही. त्यांना क्रँकने उडवलेलं आणि लिफ्टरमधून झिरपलेलंच मिळतं. वरून ओतलेलं ऑइल लिफ्टरच्या दरीत उतरून कॅमवर ठिबकतं. प्रायमिंग, म्हणजे असं आधी ऑइल खेळवणं, केलं की सगळं ओलं झालं, असं समजणारे ही गोष्ट विसरतात.

काय केलं

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला. रोटर कुठे बघतोय त्याची खूण डिस्ट्रिब्युटरच्या बुडावर, आणि बुडाची खूण इंजिनावर, पांढऱ्या रंगाने केली. फोटो काढले. बॅटरीची तार सोडवून डिस्ट्रिब्युटर उचलला.

आत खोलवर पंपाच्या दांड्याचं षटकोनी टोक दिसतं, ५/१६ इंची. त्यावर लांब एक्स्टेन्शनला लावलेलं लहान सॉकेट बसतं. मेकॅनिकने सॉकेट आणि एक्स्टेन्शन यांचा जोड चिकटपट्टीने तीन वेढे देऊन बांधला. एवढंसं सॉकेट निसटून आत पडलं, तर बजेटबाहेर ठेवलेलं चेंबर उतरवणं गळ्यात पडलंच. प्रेशर सेन्सरच्या जागी साधं यांत्रिक मापक लावलं. डॅशबोर्डवरच्या पन्नास वर्षांच्या काट्यावर निर्णय सोडायचा नव्हता.

भाच्याने ड्रिल चालू केलं. सूं आवाज. काटा शून्यावर. मिनिट गेलं, तरी शून्य. "पंप गेला," भाचा म्हणाला. माझ्या डोक्यात तुंबलेली जाळी येऊन बसली. इथून गाडी भलत्याच वाटेला लागली असती. चेंबर उतरवायला किती पैसे लागतील याचा हिशेब सुरूही झाला होता.

मेकॅनिकने विचारलं, "ड्रिल कुठल्या बाजूला फिरतंय?"

ओल्ड्समोबिल व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. शेव्हरोलेचा सुलट. भाच्याने पाहिलेले व्हिडिओ शेव्हरोलेचे होते. तो पंप उलटा फिरवून जाळीकडे हवा ढकलत होता.

दिशा बदलली. सुरुवातीला तोच मोकळा आवाज, मग अचानक ड्रिल कण्हलं आणि भाच्याच्या मनगटाला पीळ बसला. काटा उडी मारून चाळीस पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास जाऊन थांबला. ऑइल पोचल्याची पहिली खबर मापकाच्या आधी हात देतो. म्हणूनच इथे बारीक बॅटरीचं ड्रिल न घेता वायरवालं, दोन्ही हातांनी धरायचं ड्रिल घ्यावं.

भाच्याच्या मते काम झालं होतं. मापक मात्र मुख्य गॅलरीतला दाब दाखवतं. ऑइल पुढे लिफ्टरमधून, पोकळ पुशरॉडमधून रॉकरपर्यंत चढलं की नाही, हे त्याला माहीत नसतं. कव्हरं उघडी होती म्हणून ते बघता आलं. डावीकडच्या रॉकरवर ऑइल पाझरू लागलं. उजवीकडे काही ठिकाणी टिपूसही नाही.

यात काही लिफ्टर अशा जागी थांबलेले असतात की त्यांचं भोक गॅलरीच्या तोंडाशी जुळत नाही. म्हणून ड्रिल चालू ठेवून क्रँक पाव-पाव फेरा फिरवत गेलो. एकेक रॉकर ओला होत गेला. शेवटी उजवीकडचा एक उरला. पूर्ण दोन फेऱ्या झाल्या तरी कोरडाच. रॉकर सोडवून पुशरॉड बाहेर काढला आणि उजेडासमोर धरला. आरपार काहीच दिसेना. आत डांबरासारखा बोळा बसलेला होता. कार्ब्युरेटर क्लीनर आणि बारीक तार घालून तो सुटला. परत बसवल्यावर त्याच रॉकरवर बुडबुडे येत येत ऑइल आलं. चाळीसचा काटा पाहून कव्हरं लावली असती, तर हा रॉकर कोरडाच चालला असता आणि पुढे सगळ्यांनी त्याच्या टकटकीचा दोष लिफ्टरला दिला असता.

या खटाटोपात क्रँक पुढेमागे इतका फिरला की आता तो कॉम्प्रेशनच्या टोकावर आहे की एक्झॉस्टच्या, हे कुणालाच सांगता येईना. खुणा निम्म्या निरुपयोगी झाल्या. उघडी कव्हरं पुन्हा कामाला आली. क्रँकची खूण शून्यावर आणून जरा इकडेतिकडे हलवलं. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर स्वस्थ राहिले तर कॉम्प्रेशन, हलले तर एक्झॉस्ट. हलले. अजून एक फेरा दिला.

डिस्ट्रिब्युटर बसवताना तो पाव इंच वरच अडला. त्याच्या पोटातलं षटकोनी भोक आणि पंपाच्या दांड्याचे कोपरे जुळत नव्हते. क्लॅम्प आवळून तो खाली ओढायचा मोह इथे होतो आणि त्यातच वस्तू तुटतात. पुन्हा सॉकेट घालून दांडा किंचित फिरवला, डिस्ट्रिब्युटर सोडला. गिअरचे दाते तिरके असल्यामुळे रोटर थोडा वळत खाली गेला आणि खुणेवर टेकला.

परिणाम

गाडीच्या टाक्यांतल्या जुन्या पेट्रोलला हात न लावता वेगळ्या डब्यातून ताजं पेट्रोल दिलं. शेडची दारं सताड उघडी. झाकण राहत्या खोलीत उघडतं, म्हणून आग विझवायचं नळकांडं हाताशी. इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पेटलं. ऑइलचा दाब पहिल्या क्षणापासून होता. ते रेंगाळत न ठेवता पंधराशेच्या आसपास चालवलं, म्हणजे क्रँक कॅमवर पुरेसं ऑइल उडवतो. दोन लिफ्टर थोडा वेळ टकटकले आणि गप्प झाले.

मागच्या मेन बेअरिंगचं सील मात्र गळू लागलं. ते दोरीचं आहे आणि वाळून आकसलेलं आहे. बदलायचं तर चेंबर उतरवावं लागतं. गळती थेंबाथेंबाची असल्यामुळे बाईंनी ती विक्रीच्या कागदावर लिहायची आणि तशीच ठेवायची, असं ठरवलं.

वेगळं काय करता आलं असतं

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी सेल्फ क्षणभर मारून रोटर कुठे फिरतो हे बघून ठेवलं असतं, तर पंप मेल्याचं सुतक पाळावं लागलं नसतं. कोणत्याही इंजिनाची दिशा पाठ असण्याची गरज नाही, इंजिन स्वतःच ती सांगतं. क्रँकच्या पुलीवर दर पाव फेऱ्याला रंगाची खूण आणि टिपणवहीत फेऱ्यांचा हिशेब असता तर टोक शोधण्याचा घोळही टळला असता.

माझा मोठा आक्षेप मात्र फडक्यातून ऑइल गाळून समाधान मानण्यावर आहे. जड तुकडे तळाशी आणि जाळीपाशीच बसतात, चेंबरच्या ड्रेन प्लगमधून सगळे वाहून येत नाहीत. ऑइल काढल्यावर त्या ड्रेन प्लगच्या भोकातून तीच कॅमेऱ्याची नळी आत घालून जाळी बघण्याचा प्रयत्न करायला हवा होता. नळी हाताशी होती, भोक उघडं होतं. मेकॅनिकला हे पटलं नाही. त्याच्या मते चाळीस पीएसआय देणारी जाळी तुंबलेली नसते. आजपुरतं त्याचं बरोबर आहे.

थोडं चालवल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलला आणि जुना फिल्टर कापून उलगडला. घड्यांमध्ये काळा गाळ होता, धातूची चमक नव्हती. एका घडीत मात्र नखाच्या टोकाएवढा पिवळसर, ठिसूळ कण सापडला. नायलॉन, की इतक्या वर्षांत आत गेलेला आणखी कसला कचरा, हे ठरवता आलं नाही. बाईंनी विक्री पुढे ढकलली आहे. येत्या थंडीत टायमिंग कव्हर उघडायचं ठरलंय. ते चेंबर न उतरवताही निघतं.